मूठ कळता कामा नये

निम्मं आयुष्य रायफलींच्या संगतीत गेलं, पण मी आजवर एकही गोळी झाडलेली नाही. हे सांगितलं की लोकांना वाटतं, रहीम मिस्त्री चेष्टा करतोय. खरं सांगतो, मला आवाजाने धडकी भरते. वरातीत फटाक्यांची माळ लागली की नवरदेवाला सोडून मी पानटपरीच्या मागे जाऊन उभा राहतो.

मी सुतार. नांदेडच्या जुन्या वस्तीत आजोबांपासूनचं आमचं दुकान आहे. दारं, चौकटी, पाळणे, कुराण ठेवायचे रेहल, हे आमचं मूळ काम. आता ते मुलगा बघतो. माझ्याकडे राहिल्यात त्या फक्त मुठी. रायफलीच्या मुठी. या कामात मला पाडलं ते लातूरच्या सुभेदारांनी. फौजेतून निवृत्त होऊन ते लातूरला पोरापोरींना नेमबाजी शिकवतात. सगळं गाव त्यांना सुभेदार म्हणतं, मीही तेच म्हणतो. एक दिवस ते तडा गेलेला दस्ता घेऊन आले. दस्ता म्हणजे रायफलीचा मागचा, खांद्याला टेकणारा लाकडी भाग. त्याला जिथे उजव्या हाताने धरतात ती मूठ. म्हणाले, "मिस्त्री, मुठी तीन करा. एक गुडघ्यावर बसून मारायची, एक झोपून, एक उभ्याने."

रायफल तीच, माणूस तोच, हात तोच, मग तीन मुठी कशाला, असं मी विचारलं. सुभेदारांनी मला माझ्याच दुकानात फरशीवर पालथं झोपवलं आणि बंदूक म्हणून पाळण्याची दांडी हातात दिली. नेमका तेव्हाच पाळणा न्यायला आलेला माणूस दारात येऊन उभा राहिला. त्याने मला बघितलं, दांडीला बघितलं आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "मिस्त्री, आमचाच पाळणा हाय का ह्यो?"

पण फरशीवर पडल्या पडल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. माणूस पालथा झोपला की दोन्ही कोपरं जमिनीला टेकतात, हात खालून वर येतो. तिथे तिरपी मूठ दिली तर मनगट मुरगळल्यासारखं वाकतं. म्हणून झोपून मारायची मूठ उभट लागते. उभं राहिलं की उजवा कोपर मोकळा सुटतो, तिथे मूठ मागे कललेली बरी, आणि तळव्याला विसावा म्हणून खाली एक छोटा कट्टा. गुडघ्यावरची या दोघींच्या मधली. अंगठ्याचीही तऱ्हा निराळी. काही जण तो मुठीभोवती गुंडाळतात, काही बाजूला मोकळा ठेवतात. गुंडाळणारा घाबरला की नकळत आवळतो, आणि रायफल आवळली की गोळी गेलीच भलतीकडे. चाप ओढणारं बोट एकट्यानेच हललं पाहिजे. बाकीच्यांनी गप्प बसायचं.

सुभेदारांचं एक वाक्य त्या दिवसापासून माझ्या कानात बसलं आहे. "मूठ कळता कामा नये." चप्पल चांगली असली की दिवसभर तिची आठवण होत नाही, चावायला लागली की दर पावलाला होते. मुठीचं तसंच. मूठ हातात घेऊन नेमबाज म्हणाला, "चाचा, कळतच नाही," की समजायचं, काम फत्ते. आमच्या धंद्यात याच्यापेक्षा मोठी शाबासकी नाही.

तिथवर पोचायचा रस्ता मात्र तक्रारींचा आहे. आधी हाताचा ठसा घ्यायचा. सुरुवातीला मी तो कणकेत घ्यायचो, आणि घरात पोळ्या कमी पडल्या की बायको दुकानाकडे बोट दाखवायची. आता गाड्यांच्या डेंटिंगवाल्याकडची पुट्टी वापरतो. मग त्या ठशावरून अक्रोडाच्या नाहीतर शिसवीच्या ठोकळ्यातून मूठ काढायची, पण जागोजाग मुद्दाम फुगवटे ठेवायचे. माझ्याकडे एक खोटी रायफल आहे. सागवानी दस्ता आणि पुढे वजनाला पाण्याच्या पाइपचा तुकडा. तिला कच्ची मूठ लावायची आणि नेमबाजाला ती धरून झोपायला, बसायला, उभं राहायला लावायचं. मग तो बोलायला लागतो. "चाचा, करंगळीला टोचून राहिलंय." "अंगठ्याखाली दबतंय." तो म्हणेल तिथे पेन्सिल, पेन्सिलीवर कानस, कानशीमागे पॉलिशपेपर. गिऱ्हाईक जितकं किरकिरं, तितकी मूठ चांगली. एका बँकेतल्या साहेबांनी मला असं पिडलं की मी दोनदा कानस टाकून चहाला निघून गेलो होतो. त्यांची मूठ आजही पाहण्यासारखी आहे.

मूठ या शब्दानेच मला एकदा घाम फोडला, तेही सांगतो. काम वाढलं तसं मी दुकानावर पाटी लावली. रंगाऱ्याला सांगितलं होतं, रायफलीच्या मुठी. त्याच्याकडे जागा कमी पडली. त्याने लिहिलं, 'येथे मूठ करून मिळेल'. आपल्या भागात मूठ मारणं म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायला नको. भानामती, करणी, मूठ यांची नावं ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. तरी माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

काही दिवसांनी अर्धापूरकडचा एक केळीवाला आला. कपडे स्वच्छ, बोलणं खालच्या आवाजात.

"मूठ लागायला किती दिवस?"

म्हटलं, "आठ-दहा दिवस धरा. घाई केली तर नीट लागत नाही."

"उलटायची न्हाई ना?"

"छे! मी आतून स्क्रू मारतो."

तो जरा दचकला. मग म्हणाला, "माणूस समोर लागतो का?"

"म्हणजे काय! हाताचं माप घ्यावं लागतं."

"त्यो कशाला हात देतोय मला?" असं म्हणून त्याने खिशातून रुमाल काढला आणि माझ्या पाटावर उलगडला. आत शर्टाची कापलेली बाही होती. "भावाची हाय. ह्याच्यावर भागवा."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं, त्याला कुठली मूठ हवी होती. सख्खा भाऊ! भांडण कशाचं, तर बागेला जाणाऱ्या पाइपलाइनचं. मी त्याला इतकं बोललो की शेजारचा टायरवाला धावत आला. केळीवाला बाही उचलून चालता झाला. जाता जाता मला म्हणतो, "जमत न्हाई तर पाटी कामून लावली मग?" संध्याकाळच्या आत मी पाटी उतरवली. तिच्या मागच्या बाजूला आता 'रायफल ग्रिप' लिहिलंय, तेही इंग्रजीत. पण माणूस भावाची बाही कापून रुमालात बांधतो, हे दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

याहून मोठा धक्का मला बसायचा होता, आणि तो 'मूठ कळता कामा नये' या आमच्या लाडक्या वाक्यानेच दिला.

वैशाली किल्लारीची. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात जन्मलेली, लातूरला कॉलेजात शिकणारी आणि सुभेदारांची सगळ्यात आवडती शिष्या. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. तिन्ही प्रकारांत मारायची, पण तिची खरी जागा मॅटवर, झोपून. तिचं पदवीचं शेवटचं वर्ष होतं आणि राज्याच्या संघासाठी निवडचाचणी जवळ आली होती. सुभेदारांचा एकही विद्यार्थी तोवर त्या संघात पोचला नव्हता. ही पोचणार असं त्यांना पक्कं वाटत होतं आणि तिलाही.

पण अलीकडे तिच्या गोळ्या मॅटवरूनच भरकटायला लागल्या होत्या. सुभेदारांचा संशय मुठीवर. म्हणून ते तिला घेऊन नांदेडला आले. मी ठसा घेतला, नवी उभट मूठ काढली, खोट्या रायफलीला लावली आणि तिला झोपायला सांगितलं.

"बोल बेटा, कुठे टोचतंय?"

"कुठंच न्हाई."

"करंगळीजवळ?"

"कळतच न्हाई, चाचा. लई मस्त हाय."

पहिल्याच फटक्यात! फुगवटे अजून जिथल्या तिथे, कानस लावलेली नाही, आणि पोरगी म्हणते कळत नाही. मी सुभेदारांकडे पाहिलं. ते मिशीत हसत होते. मी इतका खूश झालो की मुलाला पाठवून जिलेबी आणवली. फुगवटे नावाला थोडे घासले आणि मूठ देऊन टाकली.

पंधरवड्याने ते दोघं परत आले. गोळ्या अजून भरकटतच होत्या. सुभेदार वैतागलेले. मी आणखी उभट, थोडी पुढे सरकवलेली दुसरी मूठ काढली, घाईघाईत आतून स्क्रू मारला आणि वैशालीला झोपवलं. बराच वेळ ती तशीच पडून होती. सुभेदार तिच्या खांद्याकडे, गालाकडे, श्वासाकडे बघत होते. मी मधून मधून विचारत होतो आणि ती तेच म्हणत होती, "मस्त हाय. कळत न्हाई."

ती उठली आणि मला मुठीवर लाल दिसलं. आधी वाटलं, रंगाचा डाग असेल. मग तिच्या हाताकडे पाहिलं. करंगळीखालच्या मांसल भागातून रक्ताची धार मनगटापर्यंत आली होती. माझ्या स्क्रूचं टोक लाकडाबाहेर आलेलं होतं आणि इतका वेळ ते तिच्या तळव्यात रुतत होतं. तिने हात वर करून पाहिला आणि हसली. "अगं बाई, हे कधी झालं?"

रक्ताने मी घाबरलो नव्हतो. सुताराच्या दुकानात रक्त नवं नसतं. तिचं हसू बघून घाबरलो.

सुभेदार म्हणाले, "लक्ष होतं नेमावर. आमच्या पोरींचं असंच असतं." मी तिचा हात धुतला, फडकं बांधलं. मग म्हटलं, "बेटा, डोळे मीट." कानामागची पेन्सिल काढली आणि तिच्या अंगठ्याला टोचली. "टोचलं," ती म्हणाली. मधल्या बोटाला टोचली. "टोचलं." शेजारच्या बोटाला टोचली. ती थांबली, म्हणाली, "टोचा की." करंगळीला टोचली. टोक मोडेपर्यंत दाबली. ती डोळे मिटून वाट बघत बसली होती.

कोपराजवळ तिच्या कातडीवर फिकट चट्टा होता, रुपयाएवढा. "मॅटवर घासून झालाय," ती म्हणाली. आम्ही सगळ्यांनीच तसं धरलं असतं. पण माझ्या अम्मीचे एक भाऊ होते. आम्ही त्यांना मामू म्हणायचो. चुलीवरचं पातेलं ते फडक्याशिवाय उतरवायचे आणि आम्ही मुलं टाळ्या वाजवायचो, मामू जादूगार आहेत म्हणून. पुढे त्यांची बोटं वाकली, मग झिजली. त्यांचं ताट वेगळं, गिलास वेगळा, खाट अंगणाच्या टोकाला. वैशालीचा चट्टा पाहिला आणि मला ती खाट दिसली.

धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायच्या निमित्ताने मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं आणि तिथे हट्टाने कातडीच्या डॉक्टरांच्या खोलीपुढे बसवलं. सुभेदार कुरकुरत होते, लातूरची गाडी चुकेल म्हणून. डॉक्टर वाघमारे मॅडम तरुण होत्या. कापसाने, पेनाच्या टोकाने त्यांनी हात तपासला, कोपराच्या मागे बोटं फिरवली आणि मलाही दाखवलं. कातडीखाली नस दोरीसारखी जाड लागत होती. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि वैशालीच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "हा कुष्ठरोग आहे. पूर्ण बरा होतो. घाबरायचं नाही."

वैशाली हसली. मग हसणं थांबलं. "मॅडम, मी वैशाली हाय. तुमी दुसऱ्या कुणाचं समजून राहिलात का?"

"नाही. तुझंच."

"आमच्या घरात कुणालाच न्हाई. मला कसं होईल?"

मॅडमनी सगळं नीट सांगितलं. गोळ्या फुकट मिळतात. त्या सुरू केल्या की लवकरच दुसऱ्याला लागण्याची भीती राहत नाही. ताट, गिलास, अंथरूण काहीच वेगळं करायचं नाही. कातडी थोडे दिवस काळवंडेल, मग पूर्ववत होईल. नसेची सूज उतरायला वेगळं औषध. बोटांचं हरवलेलं भान परत येईल का, हे आज सांगता येत नाही. येईलही, कारण वेळ फार गेलेला नाही. मला मामू आठवत होते. त्यांना हे सांगणारं कुणी भेटलं नाही, या विचाराने माझे डोळे भरून आले आणि मी खिडकीकडे तोंड केलं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "एक पथ्य कडक. उजवा कोपर कशावर टेकवायचा नाही. टेबलावर नाही, जमिनीवर नाही. आधीच सुजलेली नस दबली तर बोटं कायमची वाकतील."

"मॅडम," वैशाली म्हणाली, "मी त्या कोपरावरच तर जगून राहिले."

गुडघ्यावर बसलं तर टेकतो तो डावा कोपर. उभं राहिलं तरी उजवा मोकळाच. पण पालथं झोपून उजवा कोपर न टेकवता रायफल धरता येत नाही. आणि तिन्ही प्रकार मारल्याशिवाय चाचणी होत नाही.

आठवडाभराने सुभेदार तिला घेऊन पुन्हा दुकानात आले. औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. सुभेदारांनी सगळी आखणी करून आणली होती. झोपून सराव बंद. चाचणीच्या दिवशी एकदाच. "एक मॅच, मिस्त्री. फक्त एक. एका मॅचने काय होतंय? तुम्ही अशी मूठ करा की कोपरावर भार कमी येईल."

मी या माणसाकडे बघतच राहिलो. सकाळी पोर उपाशी आलं तर हाच माणूस स्वतःच्या डब्यातली भाकरी त्याला खाऊ घालतो, तोच आता हे बोलत होता. राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. कारण ते जे मागत होते ते मला करता येत होतं. मूठ आणखी उभट करून पुढे सरकवली, तळव्याची कड भरली, की उजवा कोपर बाहेर जातो आणि बराचसा भार डाव्या हातावर पडतो. ऐकता ऐकताच माझ्या डोक्यात ती मूठ तयार झाली होती. कारागिराचं डोकं असं बेशरम असतं. त्याला फक्त कसं करायचं एवढंच सुचतं.

"चाचा, होतंय का?" वैशालीने विचारलं.

"होतंय. पण भार कमी होईल, जाणार नाही. आणि तुला दुखणार नाही, म्हणून तू थांबणारही नाहीस. मी करणार नाही."

"हात माझा हाय का तुमचा?"

"तुझाच आहे. म्हणून तर बोलतोय."

"मग मी पुण्याहून करून आणते. तिथं रेडीमेड भेटतात." तिने जुनी मूठ माझ्या पाटावर आपटली. "तुमाला न्हाई जमत म्हणा सरळ!"

सुभेदारांना मी त्या दिवशी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. इतक्या वर्षांच्या दोस्तीत आमचा आवाज पहिल्यांदा चढला. दोघंही निघून गेले. तिच्यामागे धावत जाऊन तिला थांबवावं असं मला वाटत होतं, पण थांबवून सांगायचं काय? स्वप्न तिचं होतं. मी दिवसभर एका चौकटीला रंधा मारत राहिलो आणि मुलगा म्हणाला, "अब्बा, बस करा, लाकूड संपलं."

त्यानंतर काही दिवस कुणाचाच फोन नाही. मीही केला नाही. मग एका दुपारी वैशाली एकटीच लातूरच्या बसने आली. चेहरा गोळ्यांनी काळवंडला होता. खाली बसली आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. करंगळीच्या कडेला मोठा फोड फुटून कातडी निघाली होती.

"परवा किल्लारीला घरी गेले होते. आईला म्हनलं, बाजूला सर, मी भाकरी करते. भाकरी उलटताना हात तव्याला टेकला. टेकूनच होता, चाचा. मला वाटलं भाकर करपली. वास आला म्हणून वाकून बघितलं, तर हात."

दुकानात मुलगा करवत चालवत होता. त्याचा हात थांबला.

"आई एवढ्यांदा ओरडली," वैशाली म्हणाली, "आन मी तिच्याकडं बघत बसले, ही कामून ओरडून राहिली म्हणून." मग ती रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

रडणं आवरल्यावर तिने पिशवीतून दुसरी मूठ काढली. झोपून मारायची. पुण्याची नव्हती, माझीच होती. स्क्रूचं टोक मी तेव्हाच कापून दिलं होतं. "ह्याच्यातून उभ्याची निघंल का?"

"आणि चाचणी?"

"न्हाई जायचं. सुभेदार सरांना मी सांगून आले. हवेच्या रायफलीचा प्रकार उभ्यानंच असतो. मला तो कधी नीट जमला न्हाई. आता जमवते."

मूठ निघाली, पण ते काम मला नव्याने शिकावं लागलं. माझा सगळा धंदा 'कुठे टोचतंय' या प्रश्नावर चालतो, आणि हा प्रश्न तिला विचारून उपयोग नव्हता. मग मी लाकडाला ओला गेरू लावला. तिने मूठ धरायची, सोडायची, आणि मी तिचा तळवा बघायचा. जिथे लाल डाग गडद, तिथे लाकूड दाबतंय. तिच्या हातावरचे डाग बघत बघत मी कानस मारली. दोन बधिर बोटांना कामच ठेवलं नाही. त्यांच्यासाठी खाली एक रुंद, गोल कट्टा काढला, नुसतं टेकून बसायला. सगळ्या कडा हाताने घासल्या, आणि माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही म्हणून बायकोने गालावर फिरवून बघितल्या.

निवडचाचणीला दुसरी एक मुलगी गेली. त्या दिवशी वैशालीने मला फोन केला नाही आणि मीही केला नाही.

सुभेदार मात्र आले. चहा घेतला, इकडतिकडचं बोलले. उठताना म्हणाले, "मिस्त्री, त्या दिवशी मी आंधळा झालो होतो." बस, एवढंच. पुढे त्यांच्याकडच्या मुलांकडून मला कळलं ते असं. वैशालीच्या आजाराची बातमी फुटल्यावर एका पालकाने तिची रायफल वेगळी ठेवा, म्हणून तगादा लावला. सुभेदारांनी सगळ्यांसमोर वैशालीची रायफल उचलली, तिच्या दस्त्यावर गाल टेकवला आणि ते सावकाश नेम धरून गोळ्या मारत बसले. तो पालक कधी निघून गेला ते त्यांनी पाहिलंच नाही. मला हे ऐकून माझा दोस्त परत मिळाला.

उभ्याने वैशाली पहिल्या दोन सामन्यांत सपाटून हरली. तिसऱ्यात बरी खेळली. दर महिन्याला वाघमारे मॅडमकडे दाखवायला यायची तेव्हा दुकानात डोकवायची. मी काही विचारायचो नाही. तीच मान हलवून सांगायची, अजून न्हाई. सूज उतरली होती, बोटं वाकली नव्हती, पण बोटांत भान येत नव्हतं. मॅडम म्हणायच्या, वाट बघू. मी दर नमाजात तिचं नाव घ्यायचो, आणि खरं सांगायचं तर उमेद सोडत चाललो होतो.

परवाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळची वेळ. मी दुकान झाडत होतो. फोन वाजला आणि पलीकडून वैशाली किंचाळत होती. "चाचा! भाजलं! चाचा, भाजलं मला!"

"काय झालं? कुठे आहेस? कोण आहे तुझ्याजवळ?"

"होस्टेलवर हाय. चहाचं पातेलं लागलं. करंगळीशेजारच्या बोटाला. चाचा, लई आग होऊन राहिली हो!" आणि ती हसत होती. की रडत होती, फोनवर कळत नव्हतं.

मला समजायला एक क्षण लागला. समजलं तसा मी मोठ्याने हसायला लागलो. बायको आतून धावत आली. "क्या हुआ जी? कौन जला?"

"वैशाली," मी म्हणालो.

"या अल्ला! और तुम हंस रहे?"

मी फोनमध्ये ओरडलो, "बेटा, आधी नळाखाली धर! गार पाण्यात धर!"

"थांबा की, चाचा," वैशाली म्हणाली. "अजून थोडं दुखू द्या."